पलीकडचा

"कसे आहात?" हा प्रश्न काकांना अजिबात चालत नसे. त्यांचं म्हणणं, या प्रश्नाला माणूस विचार न करता "बरं आहे" म्हणून मोकळा होतो. पाय प्लास्टरमध्ये असला तरी म्हणतो. "हे उत्तर नव्हे गं," ते मला सांगायचे, "ही आधीच भरून ठेवलेली जागा." त्याऐवजी ते विचारत, "काल रात्री काय जेवलात?" जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, दूधवाल्याला, बँकेतल्या बाईंना, सगळ्यांना हेच. आणि उत्तर "असंच काहीतरी" असं आलं, की चष्म्याच्या वरून बघत राहायचे. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा आदल्या रात्री मी ऑफिसात बसून वेफर्सचं पाकीट संपवलं होतं. मी ठोकून दिलं, "पोळीभाजी." "कुठली भाजी?"

त्यांना काका फक्त मी म्हणायची. कांजूरमार्ग पूर्वेला आईच्या कॉलनीत बाकी सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी आयुष्यात कुठे शिकवलं नव्हतं. एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे गृहस्थ. पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. कॉलनीच्या पुढच्या फाटकाने ते कधी ये-जा करत नसत. तिथला वॉचमन रोज सलाम ठोकून "कैसे हो साब?" विचारायचा, म्हणून हे मागच्या भिंतीच्या भगदाडातून वाकून बाहेर पडायचे. दाराला बेल नव्हती. होती ती त्यांनी स्वतः काढून टाकली होती, कारण बेल वाजली की त्यांना वाटायचं कोणीतरी गेल्याचं सांगायला आलंय. मोबाइल त्यांनी घेतलाच नव्हता. लँडलाइन उचलली म्हणजे माणूस घरी आहे आणि उभा आहे हे नक्की कळतं, मोबाइलवरून काहीच कळत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

या माणसाला काळजी नावाचा आजार होता. पण तो त्यांनी कामाला लावला होता.

त्याचं कारण मला आईकडून कळलं. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या बाथरूममधला नळ वाहत असल्याचा आवाज काकांना येत होता. विसरल्या असतील, असं म्हणून हे झोपले. सकाळी दाराला अडकवलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच राहिली, तेव्हा लोकांनी दार फोडलं. काका स्वतः हे कधी बोलले नाहीत. पण त्यांच्याकडे बसलेलं असताना कुठे पाण्याचा आवाज आला की बोलता बोलता थांबायचे, आणि तो बंद होईपर्यंत पुढे बोलायचे नाहीत.

त्या प्रसंगानंतर त्यांनी 'हजेरी' सुरू केली. कॉलनीत एकटी राहणारी तीसेक म्हातारी माणसं. कोणाची मुलं ठाण्याला, कोणाची पुण्याला, कोणाची कॅनडात. माझी आई त्यांतलीच. बाबा गेल्यावर मी तिला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे गोरेगावला चल. "तिथे येऊन मी काय करू? फिल्मसिटीत शूटिंग बघू?" म्हणायची. माझं सॉफ्टवेअरचं ऑफिस अंधेरीला. नकाशावर बघितलं तर कांजूर हाकेच्या अंतरावर, एकच लिंक रोड. पण त्या रस्त्यावर मध्ये पवई आहे, आणि पवईच्या ट्रॅफिकमध्ये बसून मी कितीतरी वेळा मनातल्या मनात आईला बाथरूममध्ये पडलेली पाहिलं आहे. आईला काही झालं आणि कोणाला कळलंच नाही तर? माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नसायचंच, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

हजेरी म्हणजे अगदी साधी गोष्ट. सकाळी आठच्या आत प्रत्येकाने एका ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग वाजली की तो पलीकडून आपोआप कट व्हायचा. ज्याचा कॉल आला नाही, त्याला काका फोन करणार. उचलला नाही, तर शेजाऱ्याला. शेजारी नसला, तर स्वतः जिना चढणार. प्रत्येकाने घराची जादा चावी शेजारी ठेवलीच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. मिस्ड कॉलचा नंबर एका कंपनीचा होता. कोणाचा कॉल किती वाजता आला याची नोंद त्या कंपनीच्या मशीनमध्ये व्हायची. काकांच्या घरातल्या मशीनने इंटरनेटवरून त्या मशीनला विचारायचं, "आज कोण कोण बोललं?" आणि त्याने यादी पाठवायची. आमच्या धंद्यात याला वेब सर्व्हिस म्हणतात. काका त्याला 'पलीकडचा' म्हणत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो या पलीकडच्यामुळे. काकांकडे जुन्या पद्धतीचा डेटाबेस होता, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारा, ज्यावर त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. त्यात प्रत्येकाचं नाव, औषधं, शेजारी, चावी कोणाकडे, सगळं होतं. तो डेटाबेस म्हणजे जणू घर, त्यातली प्रत्येक वीट त्यांना माहीत होती, पण त्या घराला बाहेर इंटरनेटकडे उघडणारं दार कधी बसवलेलं नव्हतं. ते बसवायचं काम माझं. मी रविवारी आईकडे आले की दुपारी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. ते मला स्टीलच्या वाटीत चहा द्यायचे. कपबशी का नाही, तर वाटी हातात गरम लागते, म्हणजे चहा गरम आहे हे तोंड भाजायच्या आधी कळतं.

जोडणी दोन रविवारांत झाली. भांडण मात्र पुढे कितीतरी रविवार चाललं. मी दोन रंग ठेवले होते. कॉल आला तर नावाची ओळ हिरवी, नाही आला तर लाल.

"आणि पलीकडचा बोललाच नाही तर?" काकांनी विचारलं.

"म्हणजे सर्व्हिस बंद असली तर? मग परत विचारेल ना. तीनदा विचारून नाही जमलं तर एरर दाखवेल."

"एरर कोणाला दाखवणार?"

"तुम्हाला."

"मग मी काय समजू? तुझी आई उठली की नाही उठली?"

"काका, एरर म्हणजे सर्व्हिस डाउन आहे इतकंच. आईचा काय संबंध?"

"तोच तर संबंध आहे ना! तुझ्या आईने फोन केला नाही, ही एक गोष्ट. तुझ्या आईने केला की नाही हे मला माहीत नाही, ही दुसरी. आणि तू मला दोन्ही वेळेला लालच दाखवणार."

मी म्हटलं, ठीक आहे, तिसरा रंग ठेवू, पिवळा. तेही चालेना. पिवळा बघून थोडं बरं वाटतं म्हणे. माहीत नाही म्हणजे माहीत नाही, त्यात बरं वाटण्यासारखं काय आहे? शेवटी तिसरा रंग काळा ठरला. मी वैतागून सबंध ओळ काळी करून टाकली, अक्षरंसुद्धा धड वाचता येईनात. काका म्हणाले, "झकास." हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या एकदाच ऐकला.

कंपनीच्या हेल्पलाइनवाल्या मुलींना काका चांगलेच ठाऊक झाले होते. काही अडलं की फोन लावायचे आणि कामाचं बोलण्याआधी विचारायचे, "काल रात्री काय जेवलीस?" एक मुलगी बिचारी घाबरून म्हणाली, "सर, मॅगी." पुढच्या फोनला हे म्हणाले, "आज तरी वरणभात खाल्लास का?" ती हसली, की त्यांची तक्रार पुढे सरकायची.

पण त्यांची खरी नजर असायची कॉलच्या वेळेवर. पाटणकर मावशींचा कॉल काही दिवस रोज बरोबर सातच्या ठोक्याला येऊ लागला. मी म्हटलं, किती शिस्तीच्या आहेत! काकांचा चेहरा पडला. "माणूस रोज इतका वेळेवर नसतो," म्हणाले, आणि मोजे चढवून निघाले. निघालं असं की कॅनडातल्या मुलाने सुट्टीत आला असताना आईच्या फोनमध्ये काहीतरी बसवून दिलं होतं. रोज सात वाजता फोन आपला आपणच मिस्ड कॉल देत होता. आईला तेवढाच त्रास कमी. काकांनी तिथेच उभं राहून ते काढायला लावलं. "मावशी, तुमच्याऐवजी तुमचा फोन उठतोय रोज," ते म्हणाले. "उद्या तुम्ही नसलात तरी तो उठेल." मावशींना राग आला. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. आईच्या फोनचा चार्जर कायम लावलेला असतो, एवढंच आठवत राहिलं.

कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास ज्या दिवशी कॉलनीवर येई, त्या दिवशी त्यांची काळजी दुप्पट व्हायची. सगळ्यांच्या खिडक्या बंद, म्हणजे कोणी आतून हाक मारली तरी ऐकू जायची नाही. अशा दिवशी हिरव्या ओळींनाही फोन करायचे आणि शिव्या खायचे. आमच्या आईनेच एकदा त्यांना सुनावलं होतं, "अहो सर, मी मेले तर तुम्हालाच आधी कळवीन. आता कणीक मळू द्या."

एकदा मी विचारलं, "काका, यादीत तुमचं नाव कुठाय?"

"मी विचारणारा."

"मग तुम्हाला कोण विचारणार?"

"मला विचारून काय करायचंय?" ते म्हणाले आणि वाटी धुवायला आत गेले. त्यांच्या घराची जादा चावीही कोणाकडे नव्हती. दंडक बाकीच्यांना.

मग ती सकाळ आली.

मी नुकतीच ऑफिसात पोचून डबा टेबलावर ठेवला होता. फोन वाजला, काकांच्या लँडलाइनवरून. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"सगळं काळं आहे गं."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं. वरपासून खालपर्यंत. पलीकडचा बोलतच नाहीये."

"काका, सर्व्हिस डाउन असेल. कंपनीला फोन केलात?"

"पहाटेपासून तेच करतोय. पाऊण तास नुसतं संगीत ऐकवलं. मग म्हणाले, बॅकएंडला प्रॉब्लेम आहे, दुपारपर्यंत होईल."

"मग होईल ना दुपारपर्यंत. टेन्शन नका घेऊ."

"मी एकेकाला फोन करतोय. गायकवाड उचलत नाहीत. पाटणकर उचलत नाहीत. तुझ्या आईचा वाजतोय. उचलत नाहीत. शेजारी कुलूप आहे, ते लोक लग्नाला गेलेत. मी निघतोय."

आणि फोन ठेवला. आता ते मला कुठेही मिळणार नव्हते.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाजूच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "अगं, आंघोळीला गेली असेल यार." हे मलाही सुचलं होतं, आणि 'आंघोळ' या शब्दानेच मी खुर्चीतून उठले. पर्स उचलली आणि रिक्षात बसले. डबा टेबलावरच राहिला.

तो रस्ता मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. पवईला नेहमीसारखी वाट लागलेली होती. रिक्षावाला इंजिन बंद करून मागे वळला आणि म्हणाला, "मॅडम, आगे मेट्रो का काम है, टाइम लगेगा." मी फोन करत होते. रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची, मी परत लावायची. तो वाजतोय म्हणजे चार्ज आहे, फोन चालू आहे, घरात कुठेतरी आहे. मग ती का नाही उचलत? काकांच्या त्या रंगांवरून मी किती हसले होते! आता माझ्या डोळ्यांपुढे तीच काळी ओळ होती. हिरवी नाही आणि लाल नाही. लाल असती तर निदान रडता आलं असतं.

आईच्या इमारतीचा जिना मी धावत चढले. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर, काका पायरीवर बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. एक कान दाराला लावलेला.

"आत फोन वाजतोय," ते कुजबुजले. "सारखा वाजतोय. कोणीतरी फार काळजीत आहे."

"मीच करत होते, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो का," म्हणाले. मी चावी काढली. ती त्यांनीच माझ्या हातातून घेऊन फिरवली, आणि दार ढकलून मागे सरले. आत आधी मी गेले. बाथरूमचं दार उघडं होतं. कोरडं होतं. आत कोणी नव्हतं. पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं, का ते देवाला ठाऊक. ओट्यावर अर्धी चिरलेली भेंडी, गॅस बंद. आईचा फोन चार्जरला लावून फ्रीजवर ठेवलेला. दाराजवळच्या चपला नव्हत्या.

"बाहेर गेलीय," मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले.

काका बसले नाहीत. त्यांचा चेहरा उलट जास्तच उतरला. "गायकवाडही घरात नाहीत," ते म्हणाले. "पाटणकरही नाहीत. मी येताना दोघांची दारं वाजवली. शेजारी म्हणाले, सकाळी घाईने गेले. कुठे ते माहीत नाही. कोणीच घरी नाहीये गं. माझी सगळी माणसं कुठे गेली?"

इतकी वर्षं काळजी करणारा माणूस मी पहिल्यांदाच खरा घाबरलेला पाहिला. मी म्हटलं, चला, तुमच्या घरी जाऊ, स्क्रीन परत बघू, नाहीतर पोलिसांत फोन करू. आम्ही मागच्या भिंतीच्या कडेकडेने निघालो. काका माझा हात धरून चालत होते.

त्यांच्या इमारतीच्या तळाशीच चपलांचा ढीग होता. वरून आवाज येत होते. पहिल्या मजल्यावर दोन आज्या पायऱ्यांवर बसून धापा टाकत होत्या. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून आणखी चार-पाच जण. आणि तिसऱ्या मजल्यावर, काकांच्या बंद दारासमोर, नाक्यावरचा चावीवाला गुडघ्यावर बसून लॅचशी झटापट करत होता, आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून आमची आई त्याला सूचना देत होती.

"जरा लवकर कर रे बाबा! आत माणूस पडलाय!"

पाटणकर मावशी पदराने डोळे पुसत होत्या. गायकवाड आजोबा दारावर तळहाताने थापा मारत होते. हे मूळचे जालन्याचे, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या बुद्धविहाराचं सगळं बघणारे. त्यांचा आवाज जिन्यात घुमत होता, "सर! ओ सर! कामून बोलंनात हो?"

"मी इथे आहे," काका माझ्या मागून म्हणाले.

सगळे वळले. मग आईने जो आवाज लावला!

"कुठे होतात तुम्ही? आँ? मेलात की काय वाटलं आम्हाला!"

"मी... तुमच्याकडे गेलो होतो. तुम्ही फोन उचलत नव्हतात."

"मी कशी उचलणार? मी इथे तुमच्या दारात उभी! साडेसातपासून जीव टांगणीला लागलाय. तुम्ही फोन का नाही कापलात?"

"कुठला फोन?"

"कुठला काय? रोज कापता तो! एक रिंग झाली की कापता ना! आज वाजतोय, वाजतोय, वाजतोय. मला वाटलं, माझ्याच फोनचं काही बिघडलं. मावशींना विचारलं, तर त्यांचंही तेच. गायकवाडांचंही तेच. तुमच्या घरच्या नंबरवर करावा तर एंगेज. पाऊण तास एंगेज! गायकवाड म्हणाले, रिसीव्हर हातातून खाली पडला असणार. म्हणून आधी नाक्यावर गेलो, तर चावीवाल्याचं दुकान बंद, तो येईपर्यंत तिथेच थांबलो."

मला हळूहळू उमगलं, आणि काकांना माझ्या आधी उमगलं असावं. या सगळ्यांना काकांनी किती वेळा समजावून सांगितलं होतं. पलीकडे कंपनी आहे, मशीन आहे, आपोआप कट होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि सगळ्यांनी आपापल्या मनाशी एकच धरून ठेवलं होतं, की पलीकडे सर आहेत. पहाटेपासून फोनपाशी बसलेले असतात, आणि आपली रिंग आली की अंगठ्याने कापतात. रोज सकाळी ही माणसं फोन करत होती ती नुसती स्वतःची हजेरी लावायला नाही. पलीकडून कट झाला की त्यांना कळायचं, सर उठले.

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे वेब सर्व्हिस समजावून सांगणार. मीसुद्धा मनात वाक्यं जुळवली होती. पण ते तसेच उभे राहिले. गायकवाड आजोबा पुढे आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"सर, काल रात्री काय जेवलात?"

काकांनी मान खाली घातली. "काही नाही," म्हणाले. "दूध घेतलं कपभर."

"का?"

"कंटाळा आला होता."

आई जिना उतरू लागली. अर्ध्या जिन्यातून वर बघून ओरडली, "भेंडी चिरून ठेवलीय. सगळ्यांनी या." मग मला म्हणाली, "आणि तू काय करतेयस इथे? ऑफिस नाही आज?" मी खाली उतरून तिला तिथेच मिठी मारली आणि रडले. तिला काही कळेना. माझ्या पाठीवर थोपटत ती वरच्या चावीवाल्याला सांगत होती, आता आलाच आहेस तर त्या दाराची एक जादा चावी करून दे. ती चावी त्या दिवसापासून आमच्या देवघराशेजारच्या खिळ्याला आली.

कंपनीची सर्व्हिस दुपारी सुरू झाली. काकांनी ती महिनाअखेरीला बंद केली. मोबाइल घेतला, जुना मिस्ड कॉलचा नंबर बदलून त्याचा नंबर सगळ्यांना दिला, आणि रोज पहाटे खुर्चीत तो मांडीवर घेऊन बसू लागले. रिंग आली, कापली, डेटाबेसमधली ओळ स्वतः हिरवी केली. मी इतक्या खटपटीने बसवलेलं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. मला वाईट वाटलं नाही, पण माझी काळजी वाढली. आमच्या कामात सगळं एकाच जागेवर टेकलेलं असणं फार वाईट मानतात.

"काका, उद्या तुम्हालाच बरं नसलं तर?"

"तर फोन वाजत राहील," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला काळजी ऐकू आली नाही.

"मग ते पलीकडच्याला विचारायचं बटण काढून टाकू?"

"राहू दे. पलीकडचा आता मी."

दिवाळीनंतर एका सकाळी तो वाजत राहिला. आईने दुसऱ्या रिंगलाच खिळ्यावरची चावी काढली. काका खुर्चीशेजारी जमिनीवर पडले होते. उजवी बाजू गेलेली, मोबाइल हाताखाली, आणि तो एकामागून एक वाजत होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यानंतर ते बरेच महिने होते. बोलणं जड झालं होतं, पण डाव्या हाताने दाखवत रोजचे कॉल कापायला त्यांनी आईला शिकवलं. आईला ते आधीच येत होतं. तिने शिकवून घेतलं. मग त्यांची भाची त्यांना चिपळूणला घेऊन गेली. तिथून त्यांचा रोज कॉल यायचा, कधी सातला, कधी पावणेआठला, अगदी माणसासारखा. एके दिवशी त्यांच्याऐवजी भाचीचा आला.

तो मोबाइल आणि कॉम्प्युटर आता आईकडे आहेत. काकांचं नाव यादीत सगळ्यात शेवटी आहे, ते चिपळूणला गेले तेव्हा आईने घातलेलं. ती ओळ रोज लाल व्हायची, आणि आईला ते बघवेना. तिने मला ती काळी करायला लावली. "आता ते कुठे आहेत, आपल्याला काय माहीत?" म्हणाली.

मी यादीत नाही. मी काही एकटी राहत नाही, म्हातारीही नाही. तरीही रोज सकाळी गोरेगावला चहा ठेवला की मी त्या नंबरवर फोन लावते. पहिली रिंग होते. कधी कधी दुसरीही होते, आणि तेवढ्यात चहा उतू जातो, कारण माझं लक्ष त्याच्याकडे नसतं. आईच्या हाताला कणीक लागलेली असेल, मी स्वतःला सांगते. दुसऱ्या कोणाचा कॉल घेत असेल. तिसरी रिंग सुरू होते.

मग कट होतो.

मी गॅस बंद करते.